कुरणात गेलेली शाळा : कोसबाडच्या एका प्रयोगाचा अभ्यास

विसाव्या शतकाच्या मध्याला डहाणू तालुक्यातील वारली पाड्यावरचे सात-आठ वर्षांचे मूल शाळेत का जात नाही, हे समजून घेण्यासाठी त्या मुलाची सकाळ पाहणे पुरेसे होते. उजाडले की ते पेज पिऊन गुरे किंवा शेळ्या घेऊन माळाकडे निघे आणि दिवस कलल्यावर परत येई. त्याच्याहून लहान, पाच-सहा वर्षांची बहीण तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन पाड्यावर फिरत राही, कारण आईवडील पहाटेच जमीनदाराच्या शेतावर किंवा गवतकापणीला गेलेले असत. गुरे चरायची वेळ आणि शाळा भरायची वेळ एकच होती आणि दोन्हींपैकी एकच गोष्ट होऊ शकत असल्यामुळे घराचा निर्णय आधीच झालेला असे. बाहेरची माणसे मात्र या साध्या अडचणीला ‘आदिवासींना शिक्षणाची आवड नाही’ असे नाव देत.

ही अडचण जशी होती तशी पाहण्याचे आणि तिच्यावरून शाळेची रचना बदलण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी याच तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे केले. त्या कामातील कुरणशाळा, म्हणजे गुरे चरतात तेथेच भरणारी शाळा, हा भाग या लेखाचा विषय आहे. ग्रामीण भागातील लहान मुलांसाठी निसर्गात शिकण्याचे कार्यक्रम आज अनेक जण उभे करू पाहतात. त्यांना हे प्रकरण उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते, कारण येथे मोकळ्या आकाशाखालचे शिक्षण हौस म्हणून आलेले नव्हते. मुलाला गाठायचे तर दुसरी वाटच नव्हती.

बोर्डीपर्यंतचा प्रवास

ताराबाईंचा (१८९२–१९७३) बालशिक्षणाशी संबंध आला तो भावनगरला. गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. इटलीतील बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी हिच्या विचारांना भारतीय घराचे, भाषेचे आणि खर्चाचे भान देण्याचा तो प्रयत्न होता आणि ताराबाई त्यात काही वर्षे सहभागी होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. ही सारी कामे महत्त्वाची होती, परंतु ती शहरातील शिकलेल्या आणि खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलांपर्यंतच पोहोचत होती. माँटेसरीने पहिले बालगृह १९०७ साली रोममध्ये उघडले ते गरीब कामगारवस्तीत, आणि भारतात तिची पद्धत आली ती मात्र बहुतांशी सुखवस्तू पालकांच्या मुलांसाठी. ही विसंगती ताराबाईंना जाणवत असली पाहिजे, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते.

१९४५ साली त्यांनी बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच सुमारास अनुताई (१९१०–१९९२) त्यांच्याबरोबर आल्या. पुणे जिल्ह्यातील मोरगावात जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्यानंतर शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी प्रथम नाशिक जिल्ह्यात आणि मग पुण्यात हुजूरपागा या मुलींच्या शाळेत शिकवले, नोकरी करीत असतानाच रात्रशाळेतून मॅट्रिकची परीक्षा दिली. दिवसभराच्या कामामुळे शाळेबाहेर राहणारे मूल म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. मध्यवर्ती बालवाडीत गावातील काही मुले येत, पण त्या काळी हरिजनवाडा म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतील मुले येत नसत. मुले येत नाहीत म्हणून त्यांच्या घरच्यांना दोष देण्याऐवजी शिक्षिका आपले साहित्य घेऊन त्या वस्तीत जाऊ लागल्या आणि तेथल्याच एखाद्या अंगणात बसू लागल्या. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे यापासून सुरुवात होई. मग गाणी, गोष्टी, खेळ आणि हाताने करायच्या गोष्टी येत. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. हा शब्द आज देशभर रुळला आहे, परंतु तो एखाद्या इमारतीचे नाव म्हणून जन्माला आलेला नाही. ज्या जागी मूल आधीपासून आहे त्या जागी शिक्षिकेने जाणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे, आणि कुरणशाळेचे बीज याच अर्थात आहे.

साहित्याचा प्रश्नही येथेच सुटला. माँटेसरीचे लाकडी दट्टे, मनोरे आणि रंगपट्ट्या यांची किंमत खेड्यातील बालवाडीला परवडणारी नव्हती. त्या साधनांमागचे तत्त्व असे आहे की, एका वेळी एकच गुणधर्म, म्हणजे आकार, वजन, रंग, पोत किंवा आवाज, मुलाच्या हाताला आणि डोळ्याला वेगळा करून द्यावा. हे तत्त्व गारगोट्या, शिंपले, चिंचोके, पाने आणि बिया यांनीही पाळता येते. लहानमोठे गोटे चढत्या क्रमाने लावणारे मूल तेच शिकते जे रोमच्या बालगृहातील मूल शिकत होते. येथे एक सावधगिरी मात्र हवी. नुसत्या बिया मुलांपुढे ओतल्या म्हणजे साहित्य झाले असे होत नाही. कोणता गुणधर्म पुढे आणायचा हे शिक्षिकेने आधी ठरवलेले असावे लागते.

टेकडी

१९५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि परिस्थिती पुन्हा बदलली. बोर्डी हे किमान गाव होते. कोसबाडच्या भोवती वारल्यांचे विखुरलेले पाडे होते, एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला मधे शेत, ओहळ आणि झाडी ओलांडावी लागे. या मुलखाने नुकताच मोठा संघर्ष पाहिला होता. १९४५ साली वेठबिगार आणि लग्नगडी या पद्धतींविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता आणि पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठीही संप झाला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर जमीनदाराच्या घरी राबलेल्या माणसांच्या पुढच्या पिढीपुढे आता पाटी येणार होती. पांढरपेशा माणसाने मुलांची नावे लिहून नेणे म्हणजे काय, याबद्दल त्यांच्या मनात शंका असल्यास तिला अनुभवाचा आधार होता. या भागात शिक्षणाचा कार्यक्रम उभा करणाऱ्याने हा इतिहास न जाणता काम सुरू केले, तर पालकांच्या अबोल्याचा अर्थ त्याला लागणार नाही.

कोसबाडला आकाराला आलेली पहिली मोठी कल्पना विकासवाडीची. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. यामागचे कारण अगदी घरगुती होते. आठ वर्षांची मुलगी शाळेत यावी असे वाटत असेल तर तिच्या कडेवरच्या भावंडाची सोय आधी झाली पाहिजे. पाळणाघर असल्यामुळे तान्हे मूल सुरक्षित राही, मधले बालवाडीत बसे आणि मोठी मुलगी वर्गात मोकळ्या हातांनी येई. मुलीच्या शिक्षणातील अडथळा पाळण्यात झोपलेला आहे हे ज्यांनी ओळखले, त्यांनी पाड्यावर बराच वेळ नुसते पाहत घालवला असला पाहिजे.

तरीही गुराखी मुले उरलीच. त्यांना विकासवाडीत आणता येत नव्हते, कारण गुरे बांधून ठेवली तर ती उपाशी राहिली असती. म्हणून शिक्षक कुरणात गेला.

कुरणात नेमके काय होते

कुरणशाळेची मांडणी एका वाक्यात सांगता येते: गुरे चरत असताना, गुराख्यांच्या जागी, गुराख्यांच्या वेळेत, परिसरातील गोष्टींवरून शिकवणे. तिचे परिणाम मात्र सावकाश उलगडून पाहावे लागतात.

पहिला परिणाम पाठाच्या आकारावर होतो. गुरे चरायला सोडली म्हणजे मुलाला फुरसत मिळाली असे नसते. कोणाची तरी नजर कळपावर असावीच लागते. गाय दुसऱ्याच्या भातात शिरली तर मार मुलाला बसतो. त्यामुळे कुरणातला पाठ आखूड, मधेच थांबवता येणारा आणि पुन्हा तेथूनच सुरू करता येणारा असावा लागतो, आणि मुलांनी राखणीची पाळी वाटून घ्यावी लागते. वर्गातील पस्तीस मिनिटांची तासिका येथे चालत नाही. लहान मुलांच्या अवधानाची लांबी पाहता हा तोटा नसून फायदाच आहे, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बाहेरचा कार्यक्रम आखणाऱ्याने तो जाणीवपूर्वक घ्यावा. दहा मिनिटे काही करावे, मग मुलांना पळू द्यावे, मग जे सापडले असेल त्यावरून पुन्हा दहा मिनिटे बोलावे.

दुसरा परिणाम ज्ञानाच्या दिशेवर होतो. वर्गात शिक्षकाला माहीत असते आणि मुलाला माहीत नसते. कुरणात पहिले काही महिने तरी याच्या उलट असते. कोणते गवत गुरे आधी खातात, कोणते तोंडही लावत नाहीत, कोणत्या झऱ्याला मार्गशीर्षानंतर पाणी राहत नाही, कोणत्या दगडाखाली विंचू असतो, हे मुलाला ठाऊक असते. शेवळ या रानभाजीचे उदाहरण घ्यावे. पहिल्या पावसाच्या तोंडावर शेवळ जमिनीतून वर येते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार सूक्ष्म स्फटिक असल्यामुळे ते तसेच खाल्ले तर घशाला खाज सुटते, आणि म्हणून त्याच्या भाजीत काकडे, म्हणजे काकड या झाडाची आंबट फळे, घालतात. पाड्यावरच्या मुलाला स्फटिकाची कल्पना नसते, पण शेवळे खुडायला निघताना काकडेही आणायची असतात हे त्याला पक्के माहीत असते. याच ठिकाणाहून शिक्षकाला पुढे जाता येते: खाज कशाने येते, आंबट घातल्यावर काय होते, आणखी कोणत्या कंदाला अशी खाज असते. मुलाला जे ठाऊक आहे त्याला मान देऊन, ते बोलायला लावून, मग त्याला नाव, संख्या आणि अक्षर जोडायचे, हा या शाळेचा क्रम आहे. लिहिणे शेवटी येते, पण ते आले की त्यात लिहिण्यासारखे काही असते.

गणितासाठी कळपासारखे साधन नाही. सकाळी सोडलेली आणि संध्याकाळी आलेली गुरे मोजणे ही मुलाची खरी जबाबदारी असते आणि बेरीज-वजाबाकीची खरी गरजही तीच असते. एका गुराला एक खडा, अशी जुळणी अनेक निरक्षर गुराखीही करतात, आणि एकास एक संगतीची ही कल्पना पाच वर्षांच्या मुलाला संख्या समजण्याआधी यावीच लागते. बांबूची काठी जमिनीत रोवून तिच्या सावलीच्या टोकावर खडे ठेवत गेले, तर दुपारपर्यंत सावली आखडत आणि नंतर लांबत गेलेली दिसते. वेळ, दिशा आणि मोजमाप एकाच काठीवर शिकता येतात. चरणाऱ्या गुरांच्या पायांशी गायबगळे का चालतात, कोतवाल पक्षी पाठीवर का बसतो, हे मुलांना विचारले तर ती निरीक्षण करून सांगू शकतात की गुरे चालली म्हणजे गवतातले किडे उडतात. परिसंस्था हा शब्द न उच्चारता परिसंस्थेचा पाठ असा होतो.

या भागाचे ऋतू इतके स्पष्ट आहेत की अभ्यासक्रम वेगळा लिहावा लागू नये. फाल्गुनात पळस आणि सावर फुलतात, त्याच सुमारास पहाटे मोहाची फुले वेचायला घरेच्या घरे बाहेर पडतात. वैशाखात करवंदे येतात. पाऊस पडला की खेकडे धरले जातात, रानभाज्या निघतात, भाताची लावणी सुरू होते आणि डोक्यावर इरले येते. दिवाळीच्या आगेमागे भात कापले जाते, मग गवत. यातील प्रत्येक कामात लहान मूल घरच्यांबरोबर असते. लावणीच्या दिवसांत शाळा ओस पडली म्हणून हळहळण्यापेक्षा त्या दिवसांत शाळेचे काम खाचराच्या बांधावर नेता येते का, हा विचार कोसबाडने शिकवला आहे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मात्र कुरण जसेच्या तसे चालत नाही आणि हा फरक पुसट होऊ देऊ नये. आठ वर्षांचा गुराखी माळावर एकटा वावरू शकतो. चार वर्षांच्या मुलाला अंगण, झाडाची सावली, वाळू, माती, पाणी आणि हाकेच्या अंतरावर आपले माणूस लागते. त्याला झाडांची नावे पाठ करायला लावू नयेत. त्याने पान चुरगळून वास घ्यावा, चिखलात हात घालावेत, मुंग्यांची रांग कोठे जाते ते पाहत बसावे. बसायची जागा रोज सकाळी झाडून घ्यावी, पावसाळ्यात गवत कापून ठेवावे आणि दगड, पालापाचोळा काठीने हलवल्याशिवाय हात घालू नये हे मुलांना आणि मोठ्यांनाही सवयीने करायला लावावे, कारण या भागात मण्यार, घोणस आणि फुरसे ही काल्पनिक भीती नाही. पाड्यावरील एखादी मावशी किंवा आजी बरोबर असणे हे सर्वांत चांगले. तिला जागा माहीत असते, मुले तिचे ऐकतात आणि ती जे सांगते ते शिक्षिकेलाही नवीन असते.

भाषा आणि श्रम

दोन प्रश्नांवर मला थोडे थांबावेसे वाटते, कारण कोसबाडच्या कामाचे कौतुक करताना ते बाजूला पडतात.

वारली बोली आणि प्रमाण मराठी यांत पुष्कळ अंतर आहे. वर्गात पुस्तकाची भाषा राज्य करते आणि मूल गप्प होते. कुरणात मूल आपल्या भाषेत बोलते, कारण समोरचे झाड त्याच्या भाषेतच त्याला माहीत आहे. परंतु मोकळ्या जागेत बसल्याने हा लाभ आपोआप मिळत नाही. शिक्षकाने मुलाचा शब्द आधी आपल्या वहीत लिहून घेतला पाहिजे आणि पुस्तकी शब्द त्याच्या शेजारी ठेवला पाहिजे. ‘याला असे म्हणत नाहीत’ हे एक वाक्य महिनाभराचे काम पुसून टाकते. बाहेरचे निसर्गशिक्षक, विशेषतः पक्ष्यांची आणि वनस्पतींची शास्त्रीय नावे उत्साहाने सांगणारे, ही चूक सद्हेतूने करतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मूल गुरे राखते हे मान्य करून त्याच्याकडे शाळा नेणे म्हणजे बालश्रमाला मान्यता देणे नव्हे काय? राज्यघटनेच्या ४५व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले होते, आणि कुरणशाळा तर त्या सक्तीच्या नेमकी बाहेर राहिलेल्या मुलांसाठी होती. माझ्या मते त्या परिस्थितीत कुरणशाळा योग्य होती, कारण दुसरा पर्याय शाळा हा नव्हता. दुसरा पर्याय काहीच नाही हा होता. आज तिची हुबेहूब नक्कल करणे मात्र मला पटत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा अधिकार दिला आहे, आणि गुराखी मुलासाठी वेगळी, हलकी व्यवस्था उभी करणे हे त्या अधिकारातून अंग काढून घेण्याचे निमित्त होऊ शकते. याच पालघर जिल्ह्यातून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले पाहिली म्हणजे मात्र मन पुन्हा कोसबाडकडे वळते. जी वस्ती सहा महिने गावात नसते, तिच्या मुलांपर्यंत शाळेने चालत जावे, हा भाग अजून जुना झालेला नाही.

नाव राहिले, अंगण गेले

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. ताराबाई दोन वर्षांपूर्वी, १९७३ साली गेल्या होत्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके कोसबाडचे काम चालवले. त्यांना १९८५ साली पद्मश्री मिळाली, ताराबाईंना १९६२ सालीच पद्मभूषण मिळाले होते. हे नाव देशभर गेल्याचा आनंद वाटतो, पण त्याबरोबर जे घडले तेही सांगितले पाहिजे. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणे), आरोग्य-पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. उपासमारीच्या आणि बालमृत्यूच्या भागात आहार व आरोग्य यांना अग्रक्रम मिळणे रास्तच होते. परंतु वजन, आहारवाटप, नोंदवह्या आणि आता मोबाइलवरील नोंदी यांत सेविकेची सकाळ संपते आणि शिक्षणाला उरतो तो अर्धा-पाऊण तास, तोही बहुधा चार भिंतींच्या आत, भिंतीवर रंगवलेल्या आंब्याकडे बोट दाखवून. बाहेर खरा आंबा मोहरलेला असतो.

दोष सेविकेचा नाही. तिच्या प्रशिक्षणात आणि तिच्याकडून मागितल्या जाणाऱ्या हिशेबात अंगण नाही. कोसबाडला बालवाडीच्या शिक्षिका घडवण्याचे कामही त्याच आवारात चाले, ही त्या प्रयोगाची कमी बोलली जाणारी बाजू आहे. शिकणाऱ्या बाई रोज मुले पाहत, पाड्यावर जात, आणि मगच शिकवू लागत. पुस्तिका वाटून ते होत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र मानला आहे आणि खेळातून, परिसरातून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे विकासवाडीने बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणून जे केले होते, त्याच्या जवळ धोरण आता आले आहे. डहाणू, तलासरी, जव्हार किंवा मोखाड्यातील एखाद्या अंगणवाडीला ते प्रत्यक्षात आणायचे असेल तर पहिला पंधरवडा काही शिकवू नये, असे मी सुचवेन. सेविकेने आणि पहिलीच्या शिक्षकाने मिळून पाडा फिरावा आणि एका वहीत एवढेच लिहावे: कोणते मूल केव्हा उठते, कोणाच्या कडेवर कोण असते, गुरे कोणत्या वाटेने जातात, कोणत्या झाडाखाली दुपारी सावली असते, कोणत्या घरची आजी गोष्टी सांगते, कोणते घर केव्हा स्थलांतर करते. मग त्या झाडाखाली चटई अंथरावी, रोज सकाळचा एक तास, आहार देण्याच्या आधी, पावसाची सर आली तर पडवीत. साहित्य म्हणून एक टोपली ठेवावी, जिच्यात मुले त्या दिवशी सापडलेले काहीही आणून टाकतील, आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ त्या टोपलीतून निघेल.